विश्लेषण : पहिला टॅरो डेक कोणता घ्यावा? ७८ पत्त्यांवरची चित्रे काढणाऱ्या पामेला यांची गोष्ट

टॅरो शिकायचे ठरवून फोनवर शोधले, की पहिला सल्ला बहुतेक एकच येतो : सुरुवात 'रायडर-वेट' डेकने करा. शिरवळमध्ये बसून ऑनलाइन मागवा किंवा पुण्यातल्या दुकानात जाऊन घ्या, नवशिक्याच्या हाती बहुधा हाच डेक किंवा त्याची नक्कल पडते. या नावातले रायडर म्हणजे १९०९ मध्ये तो छापणारे लंडनचे प्रकाशक आणि वेट म्हणजे त्याची योजना आखणारे लेखक. पत्ता उलटल्यावर जे डोळ्यांसमोर येते ते चित्र. पण ते काढणाऱ्या स्त्रीचे नाव यात नाही. ती स्त्री म्हणजे पामेला कोलमन स्मिथ. नवशिक्यांना हा डेक सोपा का जातो, याचे उत्तर याच गाळलेल्या नावापाशी सापडते. त्यांचे आयुष्य, त्यांनी केलेले काम आणि त्यातून पहिला डेक निवडण्यासाठी काय शिकता येते, हे जाणून घेऊया.

टॅरो डेक म्हणजे नेमके काय?

डेक म्हणजे आपल्या भाषेत पत्त्यांचा कॅट. नेहमीच्या कॅटमध्ये ५२ पत्ते असतात, टॅरोमध्ये ७८. त्यातले ५६ पत्ते आपल्याला ओळखीचे वाटतील असेच आहेत. चार रंग आणि प्रत्येक रंगाचे १४ पत्ते. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांच्या जागी तलवारी, पेले, नाणी आणि काठ्या असतात. एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते, त्यावर गुलाम, घोडेस्वार, राणी आणि राजा. या ५६ पत्त्यांना 'मायनर अर्काना' म्हणतात. उरलेल्या २२ पत्त्यांना 'मेजर अर्काना' म्हणतात. मूर्ख, जादूगार, सम्राज्ञी, न्याय, मृत्यू, सूर्य, जग अशी त्यांची नावे आहेत.

हे पत्ते मुळात भविष्य पाहण्यासाठी तयार झालेले नाहीत. १५व्या शतकात उत्तर इटलीत ते खेळण्यासाठी निघाले. मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल : त्या २२ पैकी मूर्ख सोडून बाकीचे पत्ते म्हणजे कायमचे हुकूम. बाकी कोणत्याही रंगाचा पत्ता ते मारायचे. भविष्य पाहण्याची रीत फ्रान्समध्ये १८व्या शतकात रुजली. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबेलँ या लेखकाने टॅरो हे प्राचीन इजिप्तच्या गुप्त ज्ञानाचे अवशेष असल्याचे लिहिले. त्याला पुरावा नव्हता, पण कल्पना लोकांना आवडली आणि ती टिकून राहिली. आजही अनेक जाहिरातींत तीच सांगितली जाते.

पामेला यांचे बालपण कुठे गेले?

पामेला यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील चार्ल्स एडवर्ड स्मिथ हे मूळचे अमेरिकेतील ब्रुकलिनचे व्यापारी, तर आईचे नाव कोरिन कोलमन. पामेला हे त्यांचे एकुलते एक अपत्य. पहिली काही वर्षे इंग्लंडमधील मँचेस्टरजवळ गेली. १८८९ मध्ये वडिलांना जमैका बेटावर रेल्वेशी संबंधित कंपनीत काम मिळाले आणि कुटुंब किंग्स्टनला गेले.

जमैकात त्यांच्या कानावर अनान्सीच्या गोष्टी पडल्या. अनान्सी हा पश्चिम आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेल्या लोककथांचा नायक. कधी कोळी, कधी माणूस, अंगाने छोटा पण डोक्याने तल्लख. वाघासारख्या बलवान प्राण्याला तो युक्तीने हरवतो. आपल्याकडे पंचतंत्रातला ससा जे करतो, तेच तिथे अनान्सी करतो. या गोष्टी पामेला यांनी स्थानिक बोलीसकट लक्षात ठेवल्या. १८९९ मध्ये त्यांचे 'अनान्सी स्टोरीज' हे पुस्तक न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली चित्रेही त्यांचीच होती.

वयाच्या १५व्या वर्षी, १८९३ मध्ये, त्या ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकला शिकायला गेल्या. तिथे आर्थर वेस्ली डाऊ हे शिक्षक होते. जपानी छापचित्रांप्रमाणे थोडक्या ठळक रेषा, सपाट रंग आणि मोकळी जागा यांतून चित्र उभे करण्यावर त्यांचा भर असे. टॅरोच्या पत्त्यांवरचा जाड बाह्यरेषेचा आणि सपाट रंगाचा ठसा पाहिला, की हे शिक्षण आठवते.

घरची परिस्थिती मात्र अवघड होत गेली. १८९६ मध्ये आई गेली. पुढच्या वर्षी पामेला यांनी पदवी न घेताच प्रॅट सोडले. १८९९ मध्ये वडीलही गेले. वयाच्या २१व्या वर्षी त्या एकट्या पडल्या. हाताशी होती ती चित्रकला आणि गोष्ट सांगण्याची हातोटी.

रंगभूमीशी त्यांचा संबंध काय?

त्या काळी लंडनच्या लायसियम थिएटरचा मोठा दबदबा होता. हेन्री आयर्व्हिंग आणि एलेन टेरी हे तिथले आघाडीचे नट-नटी, तर 'ड्रॅक्युला' ही कादंबरी लिहिणारे ब्रॅम स्टोकर हे व्यवस्थापक. पामेला या मंडळींच्या नाटक कंपनीबरोबर दौऱ्यावर गेल्या. पडदे, पोशाख आणि रंगमंचाची मांडणी त्यांनी जवळून पाहिली आणि हाताळली. एलेन टेरी यांनी त्यांना 'पिक्सी' असे लाडाचे नाव दिले. ते आयुष्यभर चिकटले. पुढे १९११ मध्ये स्टोकर यांच्या 'द लेअर ऑफ द व्हाइट वर्म' या शेवटच्या कादंबरीची चित्रेही पामेला यांनीच काढली.

टॅरोच्या दृष्टीने हा काळ महत्त्वाचा आहे. पामेला यांच्या पत्त्यांवर माणसे उभी असतात ती रंगमंचावर उभी असावीत तशी. मागे पडद्यासारखे आकाश, पुढे पात्र, हातात एखादी वस्तू आणि अंगविक्षेपातून कळणारी मनःस्थिती. नाटकातला एखादा प्रवेश अचानक थांबवला तर जसे दिसेल, तसा प्रत्येक पत्ता दिसतो.

१९०१ पासून लंडनमधला त्यांचा स्टुडिओ हा कलाकारांचा अड्डा झाला. आठवड्यातून एक संध्याकाळ घर सर्वांना खुले असे. पामेला तिथे खास पोशाख करून जमैकाच्या गोष्टी सांगत. पुठ्ठ्याची छोटी रंगभूमी आणि रंगवलेल्या बाहुल्या घेऊनही त्या खेळ करत. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाची चित्रकथी आहे. एकामागून एक चित्र पुढे धरायचे आणि रामायण-महाभारतातला प्रसंग सांगायचा. चित्र आणि गोष्ट यांची तीच जोडी पामेला यांच्या हातात होती.

१९०३ मध्ये त्यांनी 'द ग्रीन शीफ' नावाचे स्वतःचे मासिक सुरू केले. त्यातली चित्रे हाताने रंगवली जात. १३ अंकांनंतर ते बंद पडले. स्वतःचा छोटा छापखानाही त्यांनी काढला. यात मोठा पैसा कधीच मिळाला नाही.

टॅरो त्यांच्या आयुष्यात कसा आला?

आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स हे पामेला यांच्या परिचयाचे. रवींद्रनाथ टागोर यांच्या इंग्रजी 'गीतांजली'ला प्रस्तावना लिहिणारे हेच येट्स. ते 'गोल्डन डॉन' या लंडनमधील गूढविद्येच्या मंडळाचे सदस्य होते. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळात ज्योतिष, प्रतीके, विधी आणि टॅरो यांचा अभ्यास चाले. स्त्रियांनाही त्यात पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश होता. १९०१ मध्ये पामेला या मंडळात गेल्या.

तिथेच आर्थर एडवर्ड वेट भेटले. वेट यांचा जन्मही ब्रुकलिनचा, पण ते इंग्लंडमध्ये वाढलेले. गूढविद्येवर त्यांनी अनेक पुस्तके लिहिली. मंडळात पुढे फूट पडली, तेव्हा पामेला वेट यांच्या गटात राहिल्या. वेट यांना स्वतःच्या विचारांप्रमाणे नवा टॅरो डेक काढायचा होता. त्यासाठी त्यांना चित्रकार हवा होता. प्रतीके समजणारी आणि चित्र भराभर काढणारी पामेला त्यांच्यासमोरच होती.

तोपर्यंत पामेला यांचे नाव अमेरिकेतही झाले होते. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या प्रसिद्ध छायाचित्रकाराची गॅलरी होती. तिथे तोवर फक्त छायाचित्रे लावली जात. जानेवारी १९०७ मध्ये त्यांनी प्रथमच छायाचित्रांऐवजी चित्रांचे प्रदर्शन भरवले, ते पामेला यांचे. प्रतिसाद इतका चांगला होता, की प्रदर्शनाची मुदत वाढवावी लागली. संगीत ऐकताना डोळ्यांसमोर जे आकार येतात, ते त्या कागदावर उतरवत. अशी अनेक चित्रे त्यांनी या काळात काढली. पुढच्या दोन वर्षांतही त्याच गॅलरीत त्यांची चित्रे लागली.

१९०९ मध्ये नेमके काय घडले?

त्या वर्षी साधारण सहा महिन्यांत पामेला यांनी ७८ पत्त्यांची चित्रे पूर्ण केली. डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशन संस्थेने डेक बाजारात आणला. मेजर अर्कानाच्या २२ पत्त्यांसाठी वेट यांनी सविस्तर सूचना दिल्या होत्या. ५६ मायनर पत्त्यांबाबत मात्र पामेला यांना बरीच मोकळीक होती, असे अभ्यासक मानतात. आणि या डेकचे वेगळेपण नेमके या ५६ पत्त्यांत आहे.

ते समजण्यासाठी आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाकडे पाहू. गंजिफा इराणातून मोगलांबरोबर भारतात आला. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही तो हाताने रंगवला जातो. दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचे १२ पत्ते. राजा आणि प्रधान या दोन पत्त्यांवर पूर्ण चित्र असते. बाकीच्या दहा पत्त्यांवर त्या अवताराची खूण तितक्या वेळा असते. म्हणजे मत्स्याच्या सत्तीवर सात मासे. खेळायला एवढे पुरते.

युरोपातल्या जुन्या टॅरोचेही असेच होते. पेल्यांच्या पंजीवर पाच पेले, तलवारींच्या तिर्रीवर तीन तलवारी. त्यामुळे त्या पत्त्याचा अर्थ काय, हे चित्र पाहून कळायचा मार्गच नव्हता. पुस्तक पाठ करावे लागे.

पामेला यांनी काय बदलले?

त्यांनी या ४० आकड्यांच्या पत्त्यांवर प्रसंग काढले. पेल्यांच्या पंजीवर काळा झगा घातलेला माणूस मान खाली घालून उभा आहे. त्याच्यासमोर तीन पेले सांडले आहेत आणि पाठीमागे दोन पेले उभे आहेत, पण तिकडे त्याचे लक्ष नाही. नाण्यांच्या पंजीवर दोन गरीब माणसे बर्फातून चालली आहेत आणि वर उजळलेली खिडकी आहे. नाण्यांच्या अठ्ठीवर एक कारागीर बाकावर बसून एकामागून एक नाणे कोरतो आहे. काठ्यांच्या दश्शीवर एक माणूस दहा काठ्यांचा भारा उचलून वाकून गावाकडे निघाला आहे. तलवारींच्या तिर्रीवर तर माणूसही नाही. पावसाळी ढग आणि तीन तलवारी आरपार गेलेले एक हृदय, एवढेच.

यातली एकही गोष्ट समजायला इंग्रजी लागत नाही. गूढविद्याही लागत नाही. भारा वाहणारा माणूस पाहिला, की ओझे कळते. सांडलेले पेले पाहिले, की नुकसान कळते आणि मागचे दोन पेले पाहिले, की उरलेलेही कळते. नवशिक्याला हा डेक सोपा जातो, याचे कारण इतके साधे आहे.

ही कल्पना पूर्णपणे शून्यातून आली असे नाही. १५व्या शतकातील 'सोला बुस्का' या इटालियन टॅरोत मायनर पत्त्यांवरही माणसे होती. त्याची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली. पामेला यांच्या तलवारींच्या तिर्रीचे आणि आणखी काही पत्त्यांचे त्याच्याशी उघड साम्य आहे. पण सामान्य वाचकाच्या हाती पडणाऱ्या छापील डेकमध्ये सगळ्या मायनर पत्त्यांवर असे प्रसंग काढण्याचे श्रेय पामेला यांना जाते. नंतरच्या शंभर वर्षांत निघालेल्या असंख्य डेकनी हीच मांडणी उचलली. मांजरांचे डेक असोत की परीकथांचे, पेल्यांच्या पंजीवर तीन सांडलेले आणि दोन उभे पेले बहुतेक वेळा दिसतातच.

मोबदला किती मिळाला?

नोव्हेंबर १९०९ मध्ये पामेला यांनी स्टिग्लिट्झ यांना पत्र लिहिले. आपण एक मोठे काम नुकतेच संपवले, पण त्याचे पैसे फारच थोडे मिळाले, असे त्यांनी त्यात कळवले. विक्रीवर रॉयल्टी त्यांना मिळाली नाही. एकदा काम दिले, एकदा पैसे घेतले आणि हिशेब संपला.

वेट यांनी १९११ मध्ये या चित्रांसह टॅरोवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. पत्त्यांचे अर्थ सांगणारे लेखक म्हणून नाव त्यांचे झाले. डेकला लोक 'रायडर-वेट' म्हणू लागले. पामेला यांनी मात्र एक काळजी घेतली होती. प्रत्येक पत्त्याच्या खालच्या भागात, कोपऱ्याजवळ, त्यांची छोटी सही आहे. त्यांच्या नावाची तीन इंग्रजी आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली, वळणदार वेलीसारखी. डब्यावर नाव नसले तरी ७८ ठिकाणी ते आहे.

नंतरचे आयुष्य कसे गेले?

डेक निघाला त्या सुमारास इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ जोरात होती. तिच्यासाठी भित्तिपत्रके आणि पोस्टकार्डे तयार करणाऱ्या 'सफ्रेज अटेलिए' या कलाकारांच्या गटासाठीही पामेला यांनी काम केले. १९११ मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. हळूहळू लंडनचे गूढविद्येचे वर्तुळ मागे पडले. टॅरोचे दुसरे काम त्यांनी केले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर काकांकडून वारसाहक्काने काही पैसे आले. त्यातून त्यांनी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील लिझर्ड भागात, एक घर भाड्याने घेतले. कॅथलिक धर्मगुरूंसाठी विश्रांतिगृह चालवून उत्पन्न मिळवायचा त्यांचा विचार होता. पण हिशेब जमला नाही. चित्रांना मागणी उरली नव्हती. नोरा लेक या मैत्रीण शेवटपर्यंत त्यांच्यासोबत होत्या.

१८ सप्टेंबर १९५१ रोजी कॉर्नवॉलमधील ब्यूड या समुद्रकाठच्या गावी पामेला यांचे निधन झाले. त्या ७३ वर्षांच्या होत्या. डोक्यावर कर्ज होते. जे काही होते ते नोरा लेक यांना मिळावे, अशी त्यांची इच्छा होती. पण देणी फेडण्यासाठी सामान आणि चित्रे लिलावात गेली आणि मैत्रिणीच्या हाती काही उरले नाही. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नाही.

नाव पुन्हा कसे पुढे आले?

१९७०च्या दशकात अमेरिकेत टॅरोची लाट आली. स्टुअर्ट कॅप्लान यांच्या 'यू. एस. गेम्स सिस्टिम्स' या कंपनीने १९७१ मध्ये हा डेक तिथे मोठ्या प्रमाणावर आणला आणि तो जगभर पोहोचला. त्याच कॅप्लान यांनी पुढे पामेला यांची चित्रे आणि कागदपत्रे जमवली. डेकला शंभर वर्षे झाली तेव्हा, २००९ मध्ये, निघालेल्या आवृत्तीचे नाव 'स्मिथ-वेट' ठेवले गेले. २०१८ मध्ये त्यांच्या आयुष्यावर मोठे पुस्तक आले. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या संग्रहातही त्यांचे १९०३ मधील 'द वेव्ह' हे चित्र आहे. आता अनेक जण या डेकला 'रायडर-वेट-स्मिथ' असे तिन्ही नावांनी ओळखतात.

मग पहिला डेक निवडताना काय पाहावे?

पामेला यांच्या गोष्टीतूनच यातले बहुतेक मुद्दे निघतात.

१. आधी मायनर पत्ते पाहा. विक्रेते डब्यावर आणि जाहिरातीत सूर्य, चंद्र, प्रेमी असे मेजर पत्तेच दाखवतात. ते सगळ्याच डेकमध्ये सुंदर असतात. पेल्यांची पंजी, काठ्यांची दश्शी, नाण्यांची अठ्ठी यांची चित्रे शोधा. त्यावर प्रसंग असेल आणि तो पाहून मनात काही आले, तर तो डेक नवशिक्यासाठी चांगला. नुसते पाच पेले असतील, तर तो जुन्या 'मार्से' पद्धतीचा डेक आहे. तो वाईट नाही, पण त्यासाठी आकड्यांचे अर्थ वेगळे शिकावे लागतात.

२. 'थॉथ' डेक थोडा नंतर घ्या. अ‍ॅलिस्टर क्राउली यांच्या कल्पनेवरून लेडी फ्रिडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात तो रंगवला. पूर्ण डेक म्हणून तो १९६९ मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर, छापला गेला. चित्रे अप्रतिम आहेत, पण प्रतीकांची इतकी दाटी आहे की पहिल्याच आठवड्यात नवशिका गोंधळतो.

३. कोपऱ्यातली सही तपासा. पामेला यांचा डेक म्हणून जो विकला जातो, त्यावर ती वळणदार सही दिसायला हवी. अनेक स्वस्त नकलांत चित्र कापलेले असते, रंग भडक केलेले असतात आणि सही गायब असते. सही कापली गेली असेल, तर कडेचे इतर तपशीलही कापले गेले असण्याची शक्यता असते. मूर्खाच्या पत्त्यावर पायाशी पांढरे कुत्रे आहे आणि पुढे कडा आहे. ते नीट दिसत नसेल तर पत्ता वाचणार काय?

४. स्वस्त डेक म्हणजे चोरीचा, असे नेहमी नसते. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. पामेला १९५१ मध्ये गेल्या, म्हणजे ही मुदत २०११ अखेर संपली. ब्रिटनमध्ये ती ७० वर्षे आहे, म्हणजे तिथेही २०२१ अखेर संपली. त्यामुळे १९०९ची मूळ चित्रे कोणीही छापू शकतो. प्रश्न उरतो तो छपाईच्या दर्जाचा. नंतरच्या चित्रकारांच्या डेकची गोष्ट मात्र वेगळी. ते चित्रकार हयात असतील, तर त्यांच्या डेकची नक्कल घेणे म्हणजे त्यांचा मोबदला बुडवणे. पामेला यांच्या बाबतीत जे झाले, ते आज दुसऱ्या कोणाच्या बाबतीत आपल्या हातून होऊ नये.

५. आकार हातात मावतो का ते पाहा. टॅरोचा नेहमीचा पत्ता साधारण ७ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच असतो. खेळायच्या पत्त्यापेक्षा तो बराच मोठा. हात लहान असेल तर पिसताना पत्ते सांडतात. लहान आकाराचे डेकही मिळतात, पण त्यावरचे तपशील बारीक होतात.

६. पार्सल उघडल्यावर पत्ते मोजा. ७८ हवेत. चार रंगांचे १४-१४ आणि वरचे २२. काही डब्यांत एखादा जाहिरातीचा किंवा कोरा पत्ता जास्तीचा असतो. तो बाजूला काढा.

७. पुस्तक आणि डेक एकाच परंपरेचे घ्या. वेट यांनी एक बदल केला होता. जुन्या मार्से डेकमध्ये आठवा पत्ता 'न्याय' आणि अकरावा 'शक्ती' असतो. वेट यांनी त्यांची अदलाबदल केली. पुस्तक एका पद्धतीचे आणि डेक दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर सुरुवातीलाच घोटाळा होतो.

पहिला डेक भेटच मिळायला हवा का?

स्वतःसाठी टॅरो विकत घेऊ नये, तो कोणीतरी भेट द्यावा, असे बरेचदा सांगितले जाते. असा कोणताही नियम नाही. १९०९ मध्ये हा डेक निघाला तोच मुळी दुकानातून कोणीही विकत घ्यावा म्हणून. उलट स्वतः चित्रे पाहून निवडलेला डेक हाताळायची सवय लवकर लागते.

हे पत्ते खरेच भविष्य सांगतात का?

पत्त्यांवरून पुढे काय घडणार हे कळते, याला वैज्ञानिक पुरावा नाही. जत्रेत पोपट पाकीट ओढून काढतो, तेव्हा आपल्याला लागू पडेल तेवढेच आपण लक्षात ठेवतो. इथेही तसेच होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या सातारा जिल्ह्यातल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. मात्र फोनच्या पडद्यावर इंग्रजी नाव आणि सुंदर चित्र आले, की तोच प्रकार वेगळा वाटू लागतो. 'मृत्यू'चा पत्ता निघाला म्हणून घाबरवून कोणी उपायाचे पैसे मागत असेल, तर फोन तिथेच ठेवावा. पामेला यांनी काढलेल्या त्या पत्त्यावर घोड्यावर बसलेला सांगाडा आहे, पण मागे दोन मनोऱ्यांमधून सूर्यही दिसतो. टॅरो वाचणारे लोकही त्याचा अर्थ एखादा टप्पा संपणे असाच लावतात.

मग अनेकांना टॅरो का आवडतो? समोर एक प्रसंग आला, की आपल्या मनातले बोलायला निमित्त मिळते. नोकरीत दहा काठ्यांचा भारा आपण एकट्याने का उचलला आहे, हा प्रश्न भविष्याचा नाही, आजचा आहे. पत्ता त्याचे उत्तर देत नाही. तो फक्त प्रश्न समोर ठेवतो.

डेक घरी आल्यावर पहिल्या दिवशी पुस्तिका बाजूला ठेवा. मेजर पत्तेही बाजूला काढा. उरलेल्या ५६ पत्त्यांपैकी रोज चार-पाच समोर ठेवून त्यात कोण आहे, काय चालले आहे आणि पुढे काय होईल, हे मराठीत दोन ओळींत वहीत लिहा. पंधरवड्यात ५६ पत्ते होतात. मग पुस्तिका उघडून ताडून पाहा. बऱ्याच पत्त्यांचा अर्थ तुम्ही आधीच लिहिलेला असेल. तो पाठांतराने आलेला नसेल, थोड्या पैशांत मोठे काम करून गेलेल्या एका चित्रकर्तीने तो चित्रात ठेवलेला होता.